पापुद्र्यांची प्रयोगशाळा

ड्रेस्डेनच्या राजवाड्यात औरंगजेबाचा दरबार भरलेला आहे. शंभराहून जास्त चिमुकल्या आकृत्या: नजराणे घेऊन आलेले सरदार, हत्ती, उंट, छत्रधारी, आणि पायऱ्यांच्या टोकाला तख्तावर बसलेला बादशहा. सॅक्सनीच्या ऑगस्ट राजाचा सोनार योहान मेल्खिओर डिंगलिंगर याने भावांना हाताशी धरून 1701 ते 1708 या काळात हा दरबार घडवला. हिंदुस्थान त्याने कधी पाहिला नव्हता, सगळी माहिती प्रवाशांच्या पुस्तकांतून उचललेली. त्याच वर्षांत खरा औरंगजेब सह्याद्रीत एकेका किल्ल्यासाठी चिखल तुडवत होता, आणि सोनाराचं काम पुरं व्हायच्या आत, 1707 च्या मार्चमध्ये, नगरजवळ भिंगारला मेला.

मराठी माणूस तिथे थबकणार हे साहजिकच. पण इतिहास बाजूला ठेवून त्या दरबाराकडे कारागिराच्या नजरेने पाहिलं तर दुसरंच काही दिसतं. जे झळकतं ते सगळं सोनं नाही. बरीचशी चांदी आहे, तिच्यावर सोन्याचा मुलामा, आणि त्यावर मीनाकारी. मोल आहे ते वरच्या पातळ थराला. याच राजाच्या पदरी, सोनं करून दाखवतो म्हणून कोंडून ठेवलेला ब्यॉटगर नावाचा किमयागार होता. त्याच्या हातून 1708 च्या सुमारास सोन्याऐवजी पोर्सेलिन निघालं, आणि जवळच्या माइसेन गावाचं नाव जगभरच्या कपबशांवर गेलं. तीनशे वर्षं हे शहर पृष्ठभागावर पोट भरत आलेलं आहे म्हणायला हरकत नाही.

आज ते काम शहराच्या पूर्व अंगाला, विंटरबर्गश्ट्रासेवरच्या एका संस्थेत चालतं. बरीच वर्षं तिचं नाव लांबलचक होतं: फ्राउनहोफर सेंद्रिय इलेक्ट्रॉनिकी, इलेक्ट्रॉन झोत आणि प्लाझ्मा तंत्रज्ञान संस्था. थोडक्यात एफईपी. इथे प्लास्टिकच्या फिल्मवर, काचेवर, पोलादाच्या पट्टीवर, गव्हाच्या दाण्यावरसुद्धा काम होतं. दरवेळी ते चालतं वरच्या पापुद्र्यावरच. तो कधी काही नॅनोमीटरचा, कधी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा. खालच्या मालाला शक्यतो धक्का लावायचा नाही, हा इथला शिरस्ता.

ज्याचं नाव या संस्थेला आहे तो योसेफ फ्राउनहोफर काही हिचा संस्थापक नव्हे. तो 1787 मध्ये बव्हेरियात जन्मला, काचकाम करणाऱ्या बापाचं अकरावं मूल. लहानपणीच पोरका झाला आणि म्युनिकला एका आरसेवाल्याकडे उमेदवारी करू लागला. 1801 मध्ये ते घर कोसळलं, पोरगा ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला. बव्हेरियाचा राजकर्ता तिथे हजर होता. त्याने दिलेल्या पैशांतून आणि मेहेरबानीतून पोराचं शिक्षण झालं. पुढे 1814 मध्ये सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात त्याने काळ्या रेघा टिपल्या. त्या रेघांना आजही त्याचंच नाव आहे. पाठ्यपुस्तकं इथेच थांबतात. पण 1817 मध्ये त्याने आणखी एक गोष्ट हेरली होती: आम्लाने डागाळलेल्या काचेवरून प्रकाश कमी परततो. चष्म्याच्या काचेवर आज जो ‘अँटिग्लेअर’ थर दुकानदार वेगळे पैसे घेऊन देतो त्याची ही पहिली चाहूल. स्वच्छ काचेपेक्षा डागाळलेली काच बरी, हे त्या काळच्या भिंगवाल्यांच्या गळी उतरणं अवघडच होतं.

फ्राउनहोफर सोसायटी निघाली 1949 मध्ये, म्युनिकला. आज तिच्या छत्राखाली सत्तरच्या वर संस्था आहेत. ज्या एमपी-थ्री फायलींतून आपण वर्षानुवर्षं गाणी ऐकली त्यांचा मुख्य शोध तिच्याच एर्लांगनच्या संस्थेतला. पैशांची रीत ठरलेली आहे. ढोबळमानाने खर्चाचा तिसरा हिस्सा सरकार देणार, बाकीचा कंत्राटांतून आणि प्रकल्पांतून संस्थेने स्वतः मिळवायचा. 1989 नंतर रघुनाथ माशेलकरांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत परदेशी कंपन्यांसाठी संशोधन करायचं धोरण धरलं तेव्हा आपल्याकडे त्याचं केवढं नवल झालं होतं. फ्राउनहोफरवाल्यांचं घर त्यावरच चालतं. याचा एक परिणाम चांगला: इथे कोणी ‘पुढे कधीतरी उपयोगी पडेल’ एवढ्यावर सुटत नाही. एक वाईट: गिऱ्हाईक फिरलं की काम उघडं पडतं. त्याचं उदाहरण पुढे येईलच.

आधी काम काय ते पाहू. त्यासाठी ड्रेस्डेनला जायची गरज नाही, फराळाच्या दिवसांत घरात आलेलं वेफर्सचं पाकीट पुरे. रिकामं पाकीट फाडून सपाट करा आणि चंदेरी बाजू दिव्यासमोर धरा. ज्याला आपण पत्रा समजतो त्यातून दिवा अंधूक दिसतो, आणि मध्येच सुईच्या टोकाएवढे उजळ ठिपके. हा ॲल्युमिनियमचा थर साधारण 40 नॅनोमीटर जाड असतो. हिशेब केला तर चौरस मीटरला एक दशांश ग्रॅम धातू, म्हणजे एका पाकिटात जेमतेम पाच-सहा मिलिग्रॅम. तेवढ्यावर वेफर्स महिनोन्‌महिने कुरकुरीत राहतात. व्हॅक्यूम चेंबरमध्ये तापलेल्या बोटींवर, म्हणजे होडीच्या आकाराच्या भांड्यांवर, ॲल्युमिनियमची तार सोडायची, तिची वाफ करायची, आणि वरून मिनिटाला शेकडो मीटर वेगाने फिल्मचा रोल पळवायचा. ही कामं आपल्याकडेही रोज चालतात, छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-शेंद्रा पट्ट्यात, इगतपुरीजवळ मुंढेगावला. चहाच्या टपरीवर लटकणाऱ्या पाकिटांच्या माळेमागे हा एवढा कारखाना असतो.

आता ते उजळ ठिपके. फिल्मवर धुळीचा कण बसलेला असतो, त्याच्या सावलीत धातू पोचत नाही, पुढे कण झडतो आणि भोक उरतं. हवेतली वाफ थरातून आरपार जात नाही. ती ही भोकं शोधून आत शिरते. वेफर्सना तेवढं चालतं. त्यांच्या पाकिटातून चौरस मीटरला दिवसाला ग्रॅमभर, त्याहून थोडं कमी पाणी आत गेलं तरी कोणाची तक्रार नसते. सेंद्रिय इलेक्ट्रॉनिकीला चालत नाही. तिची मागणी आहे ग्रॅमच्या दहा लाखाव्या हिश्शाची. म्हणजे असं समजा, दादरच्या शिवाजी पार्काएवढी नऊ मैदानं या फिल्मने झाकली, तर दिवसभरात त्या सगळ्यातून मिळून एक ग्रॅम पाणी झिरपायला परवानगी. इतकी कमी गळती मोजायची कशी, हाच एक स्वतंत्र धंदा होऊन बसला आहे.

एवढं नाजूक काय असतं त्या इलेक्ट्रॉनिकीत? इथे सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगं. प्लास्टिक वीज वाहून नेत नाही असं शाळेत शिकवत. 1977 मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनला आयोडीनची वाफ दिली आणि त्याची वाहकता कोट्यवधी पटींनी वाढवून दाखवली. 2000 सालचं रसायनाचं नोबेल त्यासाठी. 1987 मध्ये अमेरिकेत कोडॅकच्या प्रयोगशाळेत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी अशाच संयुगांचे दोन पातळ थर एकावर एक बसवले. दहा व्होल्टच्या आत ते हिरवे उजळले. तोच आपल्या फोनच्या पडद्यातला ओएलईडी. सगळे थर मिळून शे-दीडशे नॅनोमीटर, वर सहज गंजणाऱ्या धातूचा इलेक्ट्रोड. ओलावा शिरला की तिथे काळा डाग पडतो, आणि एकदा पडला की पसरत जातो. कोडॅकने हा धंदा 2009 मध्ये कोरियाच्या एलजीला विकून टाकला. मग पडद्यांचा बाजारही कोरियाचाच झाला.

म्हणजे शोध अमेरिकेचा, बाजार कोरियाचा. मग ड्रेस्डेनच्या वाट्याला काय आलं? माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला मुख्य प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर रसायनशास्त्रात सापडत नाही. ते सापडतं एल्ब नदीवरच्या टेकडीवर, वायसर हिर्श नावाच्या वस्तीत.

मानफ्रेड फॉन आर्डेनं 1907 मध्ये हॅम्बुर्गला जन्मला. घराणं सरदारी, शाळा अर्धवट, विद्यापीठात चार सत्रं काढून पदवी न घेताच बाहेर. एकविसाव्या वर्षी बर्लिनच्या लिश्टरफेल्ड भागात स्वतःची प्रयोगशाळा. 1931 च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात त्याने पूर्ण इलेक्ट्रॉनिक दूरचित्रवाणी चालवून दाखवली. टिपायलाही इलेक्ट्रॉनांचा झोत, दाखवायलाही. 1937 मध्ये स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पाया घातला. जवळजवळ सहाशे पेटंटं. इलेक्ट्रॉनांचा झोत वाकवावा, टोकदार करावा, हवा तिथे मारावा, ही या माणसाची विद्या.

ती सगळ्यांनाच हवी होती. हिटलरच्या काळात त्याच्या प्रयोगशाळेला जर्मन टपाल खात्याचा पैसा होता. 1945 मध्ये रशियन आले आणि प्रयोगशाळाच उचलून काळ्या समुद्राकाठी सुखुमीला नेली. तिथे तो दहा वर्षं युरेनियमची समस्थानिकं वेगळी करायच्या कामाला होता, स्टालिनच्या बाँबसाठी. दोनदा स्टालिन पारितोषिक मिळालं, त्याच पैशातून त्याने ड्रेस्डेनला जमीन घेतली असं सांगतात. 1955 मध्ये परत येऊन वायसर हिर्शवर त्याने स्वतःच्या नावाची संस्था काढली. कम्युनिस्ट राजवटीत खासगी संशोधन संस्था! नोकर पाचशेच्या घरात, मालक पूर्व जर्मनीच्या संसदेचा सभासद. बर्लिनची भिंत पडली तेव्हाही हा इसम होताच, आणि 1997 मध्ये नव्वदीत वारला तो एकसंध जर्मनीचा नागरिक म्हणून. अशा माणसाविषयी नुसतं कौतुकाने लिहिणं मला जमत नाही. दर राजवटीला काय हवं ते त्याने अचूक ओळखलं आणि पुरवलं. पण त्याच्या वस्तू मात्र कुणाच्याच पक्षाच्या नव्हत्या. ड्युओप्लाझ्माट्रॉन नावाचा आयनांचा स्रोत त्याचाच. जिनीव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत 2018 पर्यंत प्रोटॉन निघत ते त्याच जातीच्या स्रोतातून. 2012 मध्ये हिग्ज बोसॉन सापडला त्या टकरींतले प्रोटॉनही तिथूनच निघालेले.

वायसर हिर्शवर इलेक्ट्रॉन तोफेचा वापर भट्टीसारखा सुरू झाला. झोत धातूवर मारला की धातू वितळतो, अजून मारला की उकळतो, आणि व्हॅक्यूममध्ये त्याची वाफ सरळ रेषेत जाऊन समोर जे असेल त्यावर बसते. बोटीत तार सोडून ॲल्युमिनियमची वाफ होते, पण ज्याला वितळायलाच दोन हजार अंश लागतात त्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचं काय? तिथे तोफच हवी. चुंबकांनी झोत वळवून मुशीतल्या मालावर फिरवायचा, शेकडो किलोवॉटपर्यंतची ताकद. फिल्म वितळू नये म्हणून ती पाठीमागून थंडगार पिंपाला घट्ट चिकटून धावली पाहिजे. मध्ये फट राहिली तर तिथे भोक पडलंच म्हणून समजा. या खटाटोपाचं शास्त्र तिथल्या झीगफ्रीड शिलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ग्रंथात बांधलं. इलेक्ट्रॉन झोतावरचं त्यांचं पुस्तक पश्चिमेकडेही इंग्रजीत छापलं गेलं. पोलादी पडद्यापलीकडून असं पुस्तक येणं ही सोपी गोष्ट नव्हती.

मग 1990 आलं. पूर्व जर्मनीचे कारखाने धडाधड बंद पडले, त्यांच्याबरोबर त्यांच्या संशोधन शाखाही गेल्या. आर्डेनंच्या संस्थेची मागणी एका रात्रीत संपली. रशियन ऑर्डर थांबल्या आणि पूर्व जर्मन चलन तर उरलंच नाही. पाचशे माणसं, तोफा, पंप, चेंबर. शेवटी संस्थेचे तुकडे झाले. 1991 मध्ये यंत्रं बनवणाऱ्यांनी फॉन आर्डेनं नावाचीच कंपनी काढली. काचेवर थर देणारी तिची अवाढव्य यंत्रं आज जगभर चालतात. त्याच वर्षी इलेक्ट्रॉन आणि प्लाझ्मावाल्यांना फ्राउनहोफरने आपल्यात घेतलं आणि एफईपी उभी राहिली. पहिला संचालक शिलरच. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्या बंद झाल्या तेव्हा जमिनीचं काय याची चर्चा तीस वर्षं चालली, जॉबरच्या आणि विणकराच्या हातातलं कसब कुठे गेलं याची फारशी झाली नाही. ड्रेस्डेनमध्येही अनेकांची आयुष्यं उसवली. पण निदान या एका धाग्याला कुणीतरी गाठ मारली.

त्या गाठीचं पहिलं फळ लवकरच दिसलं. स्पटरिंग नावाची थर द्यायची दुसरी रीत आहे. तीत आर्गन वायूचे आयन धातूच्या तुकड्यावर आपटतात, त्यातले अणू उडतात आणि समोरच्या काचेवर बसतात. पाठीमागे चुंबक ठेवला की वेग वाढतो, अशा जोडणीला मॅग्नेट्रॉन म्हणतात. नुसता धातू बसवायचा तर ही रीत गुणाची. पण ऑक्साइड हवा म्हणून आत ऑक्सिजन सोडला की त्या धातूच्या तुकड्यावरच ऑक्साइडची खपली धरते. खपली वीज वाहू देत नाही, तिच्यावर भार साठत जातो, आणि अचानक ठिणगी उडते. ठिणगीबरोबर वितळलेला थेंब उडून काचेवर बसतो आणि मालाचा खराबा होतो. उपाय ऐकायला अगदी साधा आहे: भार साठायच्या आत वीज उलटवायची, सेकंदाला हजारो वेळा. दोन मॅग्नेट्रॉन शेजारी ठेवायचे, एक ऋण तर दुसरा धन, आणि पुढच्या क्षणी उलटं. शिलर आणि मंडळींनी 1993 मध्ये या स्पंदित स्पटरिंगवर लेख छापला. हे तंत्र कारखान्यापर्यंत नेणाऱ्यांत ड्रेस्डेन आघाडीवर होतं. आज ज्या काचेतून उजेड येतो पण उन्हाची धग येत नाही, तिच्यावर चांदीचा दहा-बारा नॅनोमीटरचा थर असतो, आणि त्याला दोन्हीकडून सांभाळणारे ऑक्साइडचे थर बहुधा असेच बसवलेले. (मुंबईत नखशिखांत काचेच्या इमारती उभारून मग हा थर शोधत बसायचं, त्यापेक्षा भिंत बांधावी की नाही, हा वेगळा विषय.)

ओएलईडीचं वारं ड्रेस्डेनमध्ये आलं ते तिथल्या तंत्र विद्यापीठातून. कार्ल लिओ आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी 1990 च्या दशकात सेंद्रिय थरांत मोजून-मापून भेसळ करायची युक्ती बसवली. सिलिकॉनमध्ये करतात तशीच, पण इथे अख्ख्या रेणूंची. त्यामुळे व्होल्टेज उतरलं, दिव्यांची कार्यक्षमता वाढली. 2001 मध्ये त्यातून नोव्हालेड कंपनी निघाली. 2013 मध्ये सॅमसंगने ती विकत घेतली. 2006 मध्ये हेलियाटेक निघाली, ती सेंद्रिय रेणूंची सौर फिल्म बनवते, भिंतीला चिकटवायची. 2011 मध्ये लिओला दोन सहकाऱ्यांसह जर्मन राष्ट्राध्यक्षांचं ‘भविष्य पारितोषिक’ मिळालं. हे सगळे थर व्हॅक्यूममध्येच बसवायचे होते, आणि व्हॅक्यूममध्ये थर बसवायची तीन पिढ्यांची सवय त्याच शहरात होती. रेणू रसायनवाल्यांचे, चेंबर आर्डेनंच्या वारसांचे. शहराच्या वाट्याला काय आलं, याचं उत्तर मला हेच वाटतं. 2014 मध्ये सेंद्रिय इलेक्ट्रॉनिकीचं स्वतंत्र केंद्र एफईपीत मिसळलं, तेव्हा संस्थेच्या नावात ते शब्द सर्वांत पुढे आले.

नावात आले खरे, पण तोवर गिऱ्हाईक फिरायला लागलं होतं. 2005 ते 2012 च्या काळातली जर्मन मासिकं चाळली की एक स्वप्न पानोपानी भेटतं: प्रकाशणारा वॉलपेपर. दिवा उरणार नाही, भिंतच उजळेल, पडदा उजळेल. इंगो मौरर या नामांकित दिवेकाराने 2008 मध्ये ओस्रामच्या ओएलईडी तुकड्यांचा मेजावरचा दिवा करून दाखवला, मोजक्या प्रतींचा. सरकारने पैसा ओतला, संशोधन केंद्रं उभी राहिली. आणि त्याच काळात साधा एलईडी दरवर्षी स्वस्त होत गेला. बाजारात पाच-पन्नास रुपयांना बल्ब मिळू लागला तेव्हा भिंत उजळवायला हजारो रुपये कोण मोजणार? फिलिप्सने 2015 मध्ये आपला ओएलईडी दिव्यांचा विभाग विकला, ओस्रामनेही हात आखडता घेतला. प्रकाशणारा वॉलपेपर काही आला नाही. मला विचाराल तर त्यात शास्त्रज्ञांची चूक थोडी, स्वप्न विकणाऱ्यांची जास्त. इतक्या नाजूक वस्तूला दिव्याच्या किमतीत वीस वर्षं टिकवून दाखवायचं वचन द्यायलाच नको होतं.

एफईपीतल्या लोकांनी मग उजळणाऱ्या भिंतींचा नाद सोडून नखाएवढ्या पडद्यांकडे मोर्चा वळवला. सिलिकॉनच्या चिपवरच ओएलईडीचे थर द्यायचे आणि तो तुकडा चष्म्यात बसवायचा. त्यांचा एक प्रकार विशेष होता: पिक्सेलांच्या मधे-मधे प्रकाश टिपणारे बिंदू, म्हणजे तोच पडदा आणि तोच कॅमेरा. ज्याचे दोन्ही हात कामात गुंतलेत असा यंत्र दुरुस्त करणारा कारागीर नुसत्या नजरेने पान उलटवू शकेल, अशी कल्पना. आणि जोडीला ती ओलावा अडवणारी फिल्म होतीच, दिवसाला ग्रॅमच्या दहा लाखाव्या हिश्शाची. एका थरातली भोकं बुजवायला तोच थर जाड करून भागत नाही, भोकही वाढत जातं. म्हणून झिंक-टिन ऑक्साइडचा एक पातळ थर, मग रसायनशाळेत बनवलेल्या लाखेसारख्या द्रवाचा मऊ थर, मग पुन्हा ऑक्साइड. खालच्या थराचं भोक आणि वरच्या थराचं भोक समोरासमोर येत नाही. पाण्याच्या रेणूला मधल्या थरातून आडवं सरपटत जावं लागतं, आणि त्यात वर्षं जातात. धुळीवर पूर्ण विजय मिळवायचा हट्ट सोडून तिला लांबच्या वाटेने फिरवायचं, हे मला त्यांच्या सगळ्या उपायांत शहाणपणाचं वाटतं.

इलेक्ट्रॉन तोफेने मात्र या संस्थेला अगदी अनपेक्षित ठिकाणी नेलं. शेतात.

बियाण्यावर रोगाचे बीजाणू चिकटलेले असतात. आपल्याकडे पेरणीआधी बियाण्याला थायरम चोळतात, ज्वारीच्या दाणे काणीसाठी गंधक चोळायची शिफारस तर जुनी आहे. हाताला, नाकाला ते लागतंच. पूर्व जर्मनीत 1980 च्या दशकात आर्डेनंच्या लोकांनी विचार केला, इलेक्ट्रॉनांनी बीजाणू का मारू नयेत? अडचण एवढीच की इलेक्ट्रॉन गर्भापर्यंत पोचला तर बीच मरेल. उत्तर व्होल्टेजमध्ये होतं. शे-सव्वाशे किलोव्होल्टला पळवलेला इलेक्ट्रॉन दाण्यात मिलिमीटरचा दहावा-पाचवा हिस्सा एवढाच शिरतो आणि थांबतो. साल भाजून निघते, आतला जीव शाबूत. यंत्र असं असतं: वरून दाणे पातळ पडद्यासारखे सुटतात, दोन्ही बाजूंना समोरासमोर तोफा, त्यांच्या तोंडावर टायटॅनियमचा बारीक पापुद्रा. या पापुद्र्याच्या आत व्हॅक्यूम, बाहेर हवा. दाणा पडता पडता क्षणाच्या अंशात दोन्हीकडून न्हाऊन निघतो. हवेत ओझोन होतो, तो ओढून घ्यावा लागतो. क्ष-किरण निघतात, त्यांना जाड कवच लागतं. ही प्रक्रिया केलेलं गव्हाचं बियाणं जर्मनीत वर्षानुवर्षं विकलं जातं.

हे तंत्र ऐकल्यावर लासलगावची आठवण येते. तिथल्या ‘कृषक’ केंद्रात भाभा अणुसंशोधन केंद्राने 2002 पासून कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून कोबाल्टचे गामा किरण द्यायला सुरुवात केली, आणि 2007 मध्ये आपला हापूस अमेरिकेला गेला तो तिथूनच किरण खाऊन. गामा किरण पोत्याच्या आरपार जातात, कोंब मारायचा तर ते हवंच. ज्याला पेरायचं आहे त्या दाण्याला मात्र वरच्या वरच स्पर्श हवा.

मर्यादा आहेतच. गव्हाच्या पोटावर चीर असते, तिच्या खोल सावलीत दडलेला बीजाणू वाचू शकतो. काजळी रोगाची बुरशी तर दाण्याच्या गर्भातच बसलेली असते, तिथे हा झोत पोचतच नाही, पोचू द्यायचाही नसतो. आणि औषध चोळलेला दाणा मातीत गेल्यावरही काही दिवस आपलं रक्षण करतो, इलेक्ट्रॉन खाल्लेला दाणा मातीत पडला की एकटा. ज्वारीच्या दाणे काणीचे बीजाणू मात्र सालीवरच असतात, म्हणजे तत्त्वतः हा रोग या झोताच्या टप्प्यातला. यंत्राची किंमत बघता ते शेतकऱ्याच्या बांधावर येणार नाही, बीज कंपनीच्या किंवा महामंडळाच्या गोदामात आलं तर येईल.

त्याच कमी ताकदीच्या झोताने पुढे लायप्झिग आणि श्टुटगार्टच्या फ्राउनहोफर संस्थांबरोबर लसीसाठी विषाणू मारायचा प्रयोग झाला. मेलेल्या विषाणूची लस करायला एरवी फॉर्मल्डिहाइडमध्ये तो भिजत ठेवावा लागतो, कधी दिवसचे दिवस, आणि त्यात ज्या वरच्या प्रथिनांवरून शरीर त्याला ओळखतं तीही थोडी बिघडतात. इलेक्ट्रॉन आतल्या जनुकाचे तुकडे करतो, वरचा अंगरखा बराचसा तसाच राहतो. द्रवात तो फार खोल जात नाही म्हणून विषाणूचं पाणी अतिशय पातळ थरात तोफेखालून न्यायचं, एवढाच काय तो पेच.

संस्थेच्या अलीकडच्या कामांतलं मला सर्वांत मजेशीर वाटतं ते शरीरात विरघळणाऱ्या इलेक्ट्रॉनिकीचं. हाड जुळेपर्यंत किंवा जखम भरेपर्यंत शरीरात एखादं छोटं उपकरण ठेवायचं, आणि मग दुसरी शस्त्रक्रिया न करता ते आपोआप नाहीसं व्हावं. तारा तांब्याच्या करून चालत नाही, त्या मॅग्नेशियमच्या करतात. मॅग्नेशियम पाण्यात विरघळतं आणि शरीराला ते रोज लागतंच. पण खालची विघटनशील फिल्म फार हळवी: उष्णता सोसत नाही, आणि व्हॅक्यूममध्ये ठेवली की पोटातला ओलावा बाहेर टाकत बसते. तो ओलावा मॅग्नेशियमला गाठतो आणि थर चिकटायच्या आधीच खराब होतो. म्हणून फिल्म आधी नीट वाळवायची, मग तिच्यावर दुसऱ्या पदार्थाचा अगदी विरळ पाया घालायचा, आणि त्यावर मॅग्नेशियम. वर पुन्हा अडवणारा थर लागतोच, नाहीतर उपकरण पहिल्याच आठवड्यात विरघळेल. ज्या लोकांनी तीस वर्षं पाण्याला कायमचं बाहेर ठेवायची धडपड केली, त्यांना आता पाणी अमुक महिन्यांनी आत शिरेल असा थर द्यायचा आहे, लवकर नाही आणि उशिराही नाही. भोकांची संख्या शून्याकडे न्यायचे मार्ग त्यांनी एकेक करून शोधले होते, पण ठरल्या वेळी फुटणारा थर हे वेगळंच गणित आहे आणि ते अजून चालू आहे.